आबांचा विषय

माझे वडील कोल्हापूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं फुटबॉलचे कोच होते. एवढं साधं वाक्य बोलायची मला आयर्लंडमध्ये अकरा वर्षं लाज वाटली. इथल्या मराठी लोकांना मी सांगत आले, वडील प्रोफेसर होते. मग एके दिवशी तेच वाक्य बोलण्यात फायदा दिसला, तेव्हा मी ते भर जेवणात मोठ्या आवाजात बोलून मोकळी झाले. त्या दिवसापासून मला स्वतःची जी शिसारी आली आहे ती अजून गेलेली नाही. टेबलावरच्या इतरांचीही आली, नाही असं नाही. पण त्यांचं नंतर.

खोट्याची सुरुवात माझ्या आईनं केली. माझ्या लग्नाचा बायोडाटा तिनं स्वतः बसून लिहिला. रंग, उंची, शिक्षण, देवक, मामांचं गाव, सगळं झालं आणि 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीवर तिचा हात थांबला. आधीच्या एका स्थळाकडच्या बाई आमच्याच घरी आमचेच पोहे खात म्हणाल्या होत्या, "फुटबॉल शिकवतात म्हणजे, त्याचा पगार मिळतो का?" आईनं ते गिळलं होतं. या खेपेला तिनं लिहून टाकलं, प्राध्यापक. आबा तेव्हा मैदानावर होते. पुण्याचं स्थळ होतं, जमलं. लग्नानंतर नवऱ्याला खरं कळलं, तो हसला आणि म्हणाला, असू दे, कोण विचारायला जातंय. डब्लिनला आल्यावर कोणीतरी विचारलंच, आणि माझ्या तोंडातून बायोडाटातली ओळ जशीच्या तशी बाहेर पडली.

आबांना मी कॉलेजात बघितलंय म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ. येणारा-जाणारा त्यांच्या अंगावर शिंतोडे उडवत ग्लास विसळून जायचा. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी कोण बघणार, गॅदरिंगला दंगा करणारी पोरं कोण आवरणार, परीक्षेत कॉपीवाले कोण पकडणार, तर पीटीचे सर. मराठीचे सर, अर्थशास्त्राच्या बाई त्यांना 'अहो सर' म्हणायच्या, पण त्या 'अहो' मध्ये एक सूर असायचा. मी बारा-तेरा वर्षांची असले तरी तो मला कळायचा.

गावात मात्र उलटं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठापेठांतलं भांडण, आणि चहाच्या गाड्यावर पोरं-म्हातारे सगळे कॉलेजांच्या कोचच्या नोकऱ्यांचा क्रम लावत बसायचे. पहिली नोकरी अमक्या कॉलेजची, कारण त्यांचं स्वतःचं मैदान, गवताचं. दुसरी तमक्याची, कारण संस्थेचे लोक बूट आणि अंडी खर्चातून देतात. तिसरी आमची. आमच्या कॉलेजाला मैदानच नव्हतं. सकाळी सहाला दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचं आणि त्यांची पोरं आली की चेंडू उचलून निघायचं. तिथून आबांनी टीम फायनलला नेली, आणि पहिल्या कॉलेजातनं बोलावणं आलं. जागा रिकामी होणार होती. आई आठवडाभर गुणगुणत होती.

फायनलच्या आधी आबांना कळलं की आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड कॉलेजात नावापुरता आहे. संस्थेनं त्याला परस्पर बी.ए.ला भरती करून घेतलेलं. तो दिवसभर गॅरेजात काम करायचा आणि वय चार वर्षांनी चोरलेलं. प्रत्येक कॉलेज हे करायचं, सगळ्यांना माहीत होतं. आबांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं, आपल्याच टीमविरुद्ध, खाली सही करून. टीम बाद झाली. प्रिन्सिपलनं पुढची चार वर्षं आबांना सायकल स्टँड बघायला लावला. पहिल्या कॉलेजनं कळवलं की जागा भरली. आई त्यांच्याशी महिनाभर धड बोलली नाही. मी दहावीत होते, मीही नाही. आबा एवढंच म्हणाले होते, "खोटं बोलून जिंकलो तर पोरांना काय शिकवू, पाय कसा टाकायचा ते?"

तर या माणसाला मी प्रोफेसर करून ठेवलं होतं.

आई गेल्यानंतर दीड वर्षानं आबा पहिल्यांदा माझ्याकडे, डब्लिनला लागून असलेल्या डून लेरीला आले, दोन महिन्यांसाठी, जुलैअखेर. आल्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको यांनी चहाला बोलावलं. डॉक्टर मुंबईचे, इथल्या सरकारी हॉस्पिटलात कन्सल्टंट. इथल्या आमच्या मंडळींत कन्सल्टंट म्हणजे पहिलं पान, त्याच्याखाली रजिस्ट्रार, म्हणजे त्यांच्या हाताखालचे डॉक्टर, मग मोठ्या कंपनीतले, मग लहान कंपनीतले, मग ज्यांची नोकरी काय आहे ते कोणी विचारत नाही असे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण गणपतीच्या आरतीला तबक कुणाच्या हातात आधी जातं ते बघा. मी सगळं बघितलंय आणि सगळं केलंय.

दारातच डॉक्टर म्हणाले, "या प्रोफेसरसाहेब."

आबांनी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मी बुटांची लेस सोडवत होते. ती आधीच सुटलेली होती.

चहा आला. डॉक्टरांनी विचारलं, "विषय कुठला आपला?" आबांनी कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "इतिहास." मग म्हणाले, "चहा झकास झालाय वहिनी." बास. पुढं कोणी काही विचारलं नाही, कारण इतिहासात कोणाला रस नव्हता.

गाडीत बसल्यावर आबांनी पट्टा लावून घेतला. मग विचारलं, "कधीपासून प्रोफेसर आहे मी?"

"लग्नाच्या बायोडाटापासून. आईनं लिहिलं होतं."

"बरं," आबा म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसानं खोटं चालवून घ्यायचं नाकारलं म्हणून चार वर्षं सायकली मोजल्या, त्यानं माझ्यासाठी एका घोटात खोटं बोलून टाकलं आणि वर चहाचं कौतुक केलं. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे इथे लिहिताना लाज वाटते. पण तेच वाटलं.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका क्लबचं मैदान आहे. तिथं संध्याकाळी मुलींचा फुटबॉल चालतो. आपला, पायानं खेळायचा, इथला हातानंही खेळतात तो नव्हे. आबा फिरायला म्हणून गेले आणि रेषेबाहेर उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिथला कोच आठवडाभर इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि संध्याकाळी फुकट शिकवतो. चौथ्या दिवशी त्यानं आबांच्या हातात प्लॅस्टिकचे शंकू दिले आणि सांगितलं, तिथे लावा. आबांचं इंग्रजी तुटकं, त्याचं इंग्रजी मलाच निम्मं कळत नाही. पण दोन आठवड्यांत त्या मुली आबांना 'कोच' म्हणायला लागल्या. त्यांच्या हाताखाली एक उंच मुलगी डाव्या पायानं मारायला शिकली. रात्री जेवताना आबा आमटीच्या वाटीनं आणि लिंबाच्या फोडींनी मला समजावून सांगायचे, ती कुठे चुकते आणि कशी सुधारतेय. मी आबांना इतकं बोलताना आई असतानाही बघितलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी आमचा अमेरिकेतला मोठा साहेब आला. दरवर्षी त्या सुमाराला अमेरिकेतली दोन कॉलेजं आपला फुटबॉलचा सामना खेळायला डब्लिनला येतात. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि पायाचं काम अगदी थोडं. साहेब ऑफिसचं निमित्त काढून त्या सामन्यासाठीच येतो. या वर्षी माझ्या बढतीचा निर्णय त्याच्या हातात होता. म्हणून मी त्याला सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरी जेवायला बोलावलं. आणि टेबलाला वजन यावं म्हणून डॉक्टर आणि वहिनींनाही बोलावलं. हो, असाच हिशेब केला होता. कन्सल्टंट आमच्याकडे जेवतात हे साहेबाला दिसावं, आणि अमेरिकेचा साहेब आमच्याकडे जेवतो हे कन्सल्टंटला. आबांना मी नवा शर्ट घातला.

साहेब डार्टनं, म्हणजे इथल्या लोकल गाडीनं आला. डोक्यावर त्याच्या कॉलेजची टोपी, ती त्यानं जेवायला बसतानाही काढली नाही. कोंबडीच्या रश्श्यात बोटं बुडवून चाटत होता, तेही मी कौतुकानं बघत होते. डॉक्टर त्याच्या प्रत्येक विनोदाला एक क्षण आधीच हसत होते. आणि तो बोलत होता ते एकाच विषयावर, कॉलेजांच्या फुटबॉल कोचच्या नोकऱ्या. कुठली नोकरी पहिल्या पंक्तीची, कुठली दुसऱ्या.

त्यानं कागदी नॅपकिन पसरला, खिशातून पेन काढलं आणि तीन रकाने पाडले. जुनी घराणी पहिल्या रकान्यात. घराणी हा माझा शब्द, पण त्याचा अर्थ तोच होता. शंभर वर्षांची परंपरा पाहिजे, लाख माणसांचं स्टेडियम पाहिजे, मागे देणग्या देणारे गब्बर माजी विद्यार्थी पाहिजेत, आणि राज्यात दांडगी पोरं भरपूर पिकली पाहिजेत. मग कोच तिथे जायला मरतो. एका कॉलेजचं नाव त्यानं पहिल्या रकान्यातून खोडून दुसऱ्यात लिहिलं आणि मान हलवली, घरात कोणी गेल्यासारखी. म्हणाला, ती नोकरी आता पूर्वीची राहिली नाही. डॉक्टर लगेच पुढे सरसावले. म्हणाले, आमच्या कन्सल्टंटच्या जागांचंही अगदी असंच, आणि त्याच नॅपकिनच्या कोपऱ्यात डब्लिन, कॉर्क, लिमरिकची हॉस्पिटलं लिहायला लागले. कुठलं वर, कुठलं खाली. स्थळं बघायला बसलेल्या बायकांसारखे दोघं त्या नॅपकिनवर वाकले होते, आणि नॅपकिनला रश्श्याचे डाग पडत होते.

मला आता त्यात जे नव्हतं तेच आठवतं. रोगी कुठे बरा होतो, पोरगा कुठे माणूस होतो, याचा एक शब्द नाही. त्या वेळी मात्र मी वाटीत रस्सा वाढत होते आणि माना डोलवत होते.

आबा कोपऱ्यात जेवत होते. मध्येच त्यांनी साहेबाला इंग्रजीत विचारलं, "ही खेळणारी पोरं पास होतात का? डिग्री मिळते?"

साहेब खो-खो हसला. त्याला वाटलं आबा टोमणा मारतायत. डॉक्टर आबांना मघापासून 'प्रोफेसर' म्हणत होते, म्हणून साहेब म्हणाला, प्रोफेसर लोकांना हे खुपतंच, कारण आमच्याकडे कोचचा पगार प्रिन्सिपलच्या कित्येक पट असतो. सगळ्या राज्यात सगळ्यात जास्त सरकारी पगार कोचला असतो, अशीही राज्यं आहेत. लोक त्याला बघून उभे राहतात. "माझे वडील," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला, "माझे वडील शाळेत कोच होते. त्यांना कॉलेजची नोकरी कधी मिळाली नाही. मिळाली असती तर आमच्या गावात त्यांचा पुतळा झाला असता."

आणि मी शेण खाल्लं.

डोक्यात खटकन हिशेब झाला. समोर ज्याच्या हातात माझी बढती तो माणूस, त्याच्या जगात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॉलेजचा फुटबॉल कोच, आणि माझ्याकडे तो होता, घरचा, नव्या शर्टात बसलेला. शेजारी डॉक्टर बसलेत हे मी विसरले असं म्हणायची सोय नाही. विसरले नव्हते. तेवढी किंमत परवडेल असं वाटलं. मी इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील तीस वर्षं कॉलेज फुटबॉलचे कोच होते."

साहेबानं हातातली भाकरी खाली ठेवली. टोपी काढली. उठून टेबलाला वळसा घालून आबांकडे आला आणि हात पुढे केला. "कोच," तो म्हणाला. आबा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं. स्टाफरूममध्ये पिंपाजवळ बसलेल्या त्या माणसाला कॉलेजातल्या कोणी उठून असा हात कधी दिला नव्हता. त्यांनी हात हातात घेतला. त्यांची पाठ सरळ झाली.

तेवढ्यात वहिनी मराठीत म्हणाल्या, "अगं पण, सर तर इतिहासाचे ना?"

डॉक्टरांनी ते साहेबासाठी इंग्रजीत केलं, हसत हसत. "आम्हाला तर यांनी इतिहासाचे प्रोफेसर म्हणून सांगितलंय."

माझा नवरा म्हणाला, "भात आणू का?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी आबांकडे बघितलं. मी कशी बघत होते ते मला माहीत आहे. 'सांभाळून घ्या' असंच बघत होते.

आबांनी साहेबाचा हात सोडला. "नो, नो," ते म्हणाले, आणि हसले. "हिस्टरी. फुटबॉल ओन्ली इव्हनिंग टाइम. हॉबी. माय डॉटर, शी इज प्राउड, सो शी से कोच."

साहेब म्हणाला, अच्छा, आणि जागेवर जाऊन बसला. टोपी परत डोक्यावर गेली. डॉक्टर म्हणाले, "छंद पाहिजेच माणसाला, तब्येत राहते." वहिनी म्हणाल्या, आमच्या धाकटीलाही येत्या शनिवारपासून त्या तुमच्या जवळच्या क्लबात फुटबॉलला घालतोय, जरा हात-पाय हलतील. मग दोघं परत नॅपकिनवर वाकले. आबांनी भात मागून घेतला आणि ताकाबरोबर सगळा संपवला, एक शीत ठेवलं नाही.

भांडी घासताना मी त्यांना म्हणाले, "आबा, चुकलं माझं."

ते ग्लास पुसून पुसून प्रेसमध्ये ठेवत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, तो शब्द ते चार दिवसांत शिकले होते. म्हणाले, "असू दे गं. पण पुढच्या खेपेला कुठलं सांगायचं ते आधी सांगून ठेव. ऐन वेळेला गडबड हुती."

ते चिडून म्हणाले नव्हते. खरंच विचारत होते.

सोमवारी साहेब गेला. गुरुवारी बढतीचं पत्र आलं. त्यात त्यानं वेगळी ओळ लिहिली होती, जेवण सुंदर होतं, प्रोफेसरसाहेबांना नमस्कार सांग. मला ते पत्र हातात धरवेना, पण पद मी घेतलं. आज त्या पदावर बसूनच हे लिहिते आहे.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच वाजले, आबा खुर्चीतून उठले नाहीत. खिडकीतून मैदानाकडे जाणाऱ्या मुली दिसत होत्या. त्या उंच मुलीनं आमच्या दाराशी थांबून आत बघितलं आणि हात हलवला. आबांनीही हलवला, पण उठले नाहीत.

"जायचं नाही आज?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "डॉक्टरांची पोरगी यायची हाय आजपासनं. तिच्यासमोर त्या पोरी मला कोच म्हणणार. ती घरी जाऊन सांगती. मग तुझी पंचाईत."

"आबा, मी सांगते डॉक्टरांना. खरं काय ते."

मी हे म्हणाले. फोन माझ्या हातात होता, डॉक्टरांचा नंबर वरच होता. आबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मी फोनकडे. बाहेर शिट्टी वाजली. मी फोन ओट्यावर ठेवला.

आबांनी मान हलवली, जणू त्यांना हे ठाऊकच होतं. मग म्हणाले, "एक काम कर बाळ. मला एखादं इतिहासाचं पुस्तक मागवून दे. मोठं नको, परीक्षेचं गाइड असलं तरी चालंल. डॉक्टर परत भेटले तर काहीतरी विचारतील."

मी मागवून दिलं. उरलेले तीन आठवडे ते रोज संध्याकाळी पाच वाजता चष्मा लावून खिडकीकडे पाठ करून बसायचे, आणि पेन्सिलीनं खुणा करत सनावळ्या पाठ करायचे.